भाऊजी सुकाणूवर बसले

माझ्या धाकट्या दिरांनी नाव चालवायची विद्या सोफ्यावर बसून मिळवली. धंद्याने दातांचे डॉक्टर, पण जगातली कुठलीही गोष्ट व्हिडिओ बघून येते यावर त्यांची श्रद्धा. गेल्या वर्षी ते असेच बघून बघून पियानो शिकले. पियानो अजून घरात यायचाय.

आमच्या नावेत आम्ही चौघी वल्हवतो: बेकरीवाली, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आणि मी. नाव जाते तिकडे वल्हवणाऱ्यांची पाठ असते. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवर आमच्याकडे तोंड करून बसलेल्या पाचव्या माणसाला. त्याने दोन हातांतल्या दोन दोऱ्यांनी नाव वळवायची, ठेका द्यायचा आणि खरं सांगायचं. बारा वर्षं हे काम टाचणी करायची. पोस्टातून निवृत्त झालेली बाई, अंगाने एवढीशी, म्हणून ते नाव. शर्यतीला दहा दिवस उरले असताना ती जिन्यावरून पडली आणि मनगट मोडून बसली.

मी घरी हे सांगितलं तर भाऊजी घास न थांबवता म्हणाले, "त्यात काय आहे? मी बसतो." सासूबाईंच्या तोंडावर अशी काही चमक आली की नाही म्हणायची सोय उरली नाही.

मग आठवडाभर ते पडद्याच्या दोऱ्या दोन्ही मुठींत धरून टीव्हीसमोर बसले. व्हिडिओतला माणूस ओरडला की हेही ओरडत. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे चढवायचा, सगळं पाठ. सरावाला आले तेव्हा गळ्यात शिट्टी होती. टाचणीला बारा वर्षांत शिट्टी लागली नव्हती.

सराव तळ्यात होता, जागा मुबलक. तरी नाव दारू प्यायल्यासारखी चालायची. भाऊजींनी निदान केलं की बेकरीवालीचा हात हलका पडतोय. पहाटेपासून पोतंभर पीठ मळणारी बाई ती. ती नुसती माझ्या पाठीकडे बघत राहिली. मला ते पाठीला कळलं.

शर्यत नदीवर होती, सहा नावा. मी सगळ्यात मागच्या फळीवर, म्हणजे भाऊजींच्या थेट समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ते तोंड मला सबंध शर्यतभर बघावं लागलं.

"पुढे आहोत! आपण पुढे आहोत!" ते ओरडत होते. चमूला उभारी द्यायची असते, असं व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे. आता आमचं तोंड मागे. आपण पुढे असलो तर मागून येणाऱ्या नावा आम्हालाच दिसायला हव्यात. मला दिसत होतं ते रिकामं पाणी आणि एक बदक.

पुढे नदी उजवीकडे वळते. भाऊजींनी दोरी ओढली. मग आणखी ओढली. मग दातओठ खाऊन ओढली, आणि आम्ही डाव्या काठच्या बोरूच्या बेटात अशा घुसलो की शिवणवाल्यांपैकी धाकटीचं वल्हं हातातून सुटलं.

सगळं थांबल्यावर बेकरीवालीने अगदी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, उजवीकडे वळायला कुठल्या हाताची दोरी ओढलीत?"

त्यांनी डावा हात वर केला. "व्हिडिओत तो माणूस असाच करतो."

"तो माणूस तुमच्याकडे तोंड करून बसलेला असतो का?"

भाऊजींनी हाताकडे पाहिलं. हे गृहस्थ आठवडाभर आरशातलं सुकाणू शिकले होते आणि वर बेकरीवालीच्या हाताला नावं ठेवत होते. मला हसू आलं नाही. मला शिसारी आली, आणि थोडी माझीही आली, कारण टाचणीच्या जागेवर मीच त्यांना बसू दिलं होतं.

बोरूतून नाव ढकलायला कुणीतरी उतरायला हवं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, उतरा." ते कमरेइतक्या पाण्यात उतरले, जोर लावला, नाव सुटली. ते परत चढायला कठड्याला हात घालणार तोच मागून बेकरीवाली म्हणाली, "ओढा."

आम्ही वल्ही ओढली. मान वळवून बघत, एका वल्ह्याने कमी, आम्ही शेवट गाठला. पंचांनी सुकाणूवाला कुठे म्हणून विचारलं आणि आम्हाला बाद केलं. काठावर उभ्या असलेल्या टाचणीने प्लास्टरचा हात कपाळाला लावला आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा भाऊजी पंचा गुंडाळून बसले होते. नावेचा तोल मुळातच चुकीचा होता, असं ते समजावत होते आणि सासूबाई मान डोलावत होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "नाव वाचवायला स्वतः पाण्यात उतरला म्हणे गं हा."

"हो," मी म्हटलं. "कमरेपर्यंत."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फोनवर काहीतरी शोधत होते.