येवसेय आजोबा उठेपर्यंत

व्होल्गा नदीच्या काठी, गोरोदेत्स गावात, येवसेय नावाचा एक म्हातारा राहत होता, फेवरोन्या नावाची त्याची म्हातारी राहत होती, उस्तिन्या नावाची त्यांची नात राहत होती. आणि दाराशी, कोटांच्या खुंट्यांखाली, मी राहत होते. मी पेटी बोलतेय. चांगली चार माणसं खेटून बसतील एवढी लांब, ओकच्या लाकडाची पेटी.

माझा जन्म पाण्यावरचा. मी एका व्यापाऱ्याच्या पडावाची, म्हणजे मालवाहू होडीची, फळी होते. गव्हाच्या राशी घेऊन नदीभर हिंडले. पडाव म्हातारा झाला तेव्हा मालकाने तो मोडायला काढला, पण फळ्या फेकवेनात त्याला. आमचे व्यापारी असलेच! वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करतील आणि पुन्हा वापरतील. त्याच्या सुताराने माझी पेटी केली आणि पुढच्या बाजूला सिंह कोरला. आता त्या सुताराने जन्मात सिंह पाहिलेला नव्हता. मालकाचं मांजर रोज बघायचा, त्यालाच त्याने आयाळ लावली. म्हणून माझा सिंह हसतो, नुकतंच कुणाचं तरी दूध चाटून आल्यासारखा.

मालकाने मला दुकानात ठेवलं. गिऱ्हाईक माझ्यावर टेकलं, चहा आला, की सौदा पटलाच म्हणून समजा. पुढे काळ उलटला. व्यापारी गेला, दुकान गेलं, घराचे तुकडे होऊन त्यात दहा बिऱ्हाडं शिरली. येवसेयच्या बापाच्या वाट्याला दोन खोल्या आल्या आणि मी आले. मग काय विचारता! माझ्या पोटात बटाटे भरले, माझ्यावर चढून दिवे बदलले, आणि एका वसंतात कुंपण रंगवून रंग उरला म्हणून मला हिरवी करून टाकली. सिंहासकट. हिरव्या सिंहाकडे कोण बघतंय?

उस्तिन्याने मला सोडवलं. तिचे आईबाप कामाला म्हणून उत्तरेत गेले आणि तिकडचेच होऊन बसले. पोर वाढली आजीआजोबांपाशी. मोठी झाल्यावर तिने काचेच्या तुकड्याने माझा सगळा रंग खरवडून काढला, जवसाचं तेल चोळलं आणि सिंहाच्या नाकावर टिचकी मारून म्हणाली, "बघ, कसा दिसतोस आता!" त्या दिवसापासून मी त्या पोरीची.

उन्हाळ्यात पाहुण्यांच्या बोटी येतात. दोनतीन तास थांबतात. माणसं उतरतात, नक्षीच्या खिडक्यांसमोर उभी राहून फोटो काढतात, सामोवार नावाच्या पितळी बंबातला चहा पितात, मधाची बिस्किटं घेतात आणि परत जातात. फेवरोन्या घरी पाहुण्यांना चहा देते, त्यामुळे माझ्यावर कोणकोण बसून गेलंय! आणि सगळ्यांची एकच तऱ्हा. कोट चढवून झाला, दाराशी आले, की तिथेच त्यांना खऱ्या गप्पा सुचतात. आत तासभर बसून जे बोलले नाहीत ते दारात बोलतात.

लुक्यान तेवढा दारातही बोलायचा नाही. एका बोटीच्या इंजिनाकडे असायचा. उस्तिन्या धक्क्यावर बिस्किटं विकते, तिथे तो पहिल्यांदा आला, एक बिस्किट घेतलं, पुन्हा आला, पुन्हा एक घेतलं. येवसेयने हे पाहिलं आणि त्याला चहाला ओढून आणलं. तेव्हापासून बोट लागली की हा घरी. येवसेयशी पत्ते खेळायचा, फेवरोन्याची चूल दुरुस्त करायचा, आणि उस्तिन्या खोलीत आली की त्याचे कान टोमॅटोसारखे व्हायचे. तिचंही काही वेगळं नव्हतं. बोट यायच्या दिवशी ती भुवया काढताना माझ्यावरच बसायची, मला कसं कळणार नाही?

असे तीन उन्हाळे गेले. दोघांपैकी एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ.

मग शरदातली शेवटची फेरी आली. लुक्यान चहाला बसला, बशीत बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी आमची बोट डॉन नदीवर जाणार. इकडे येणं व्हायचं नाही."

उस्तिन्याने ताट जरा जोरात ठेवलं.

"मग?" फेवरोन्या म्हणाली.

"मग काय, तिकडे पाणी उथळ आहे. सांभाळून चालवावी लागेल."

"मी पाण्याचं विचारत नाहीये रे बाळा. तिकडे एकट्याने कसा राहशील? हिवाळ्यात एकट्याला थंडी जास्त वाजते."

लुक्यानने विचार केला. "लोकरीचे मोजे आहेत माझ्याकडे," म्हणाला.

फेवरोन्याने कपाळाला हात लावला. येवसेय मिशीत हसला. मी तर लाकूड. मला हात असते तर मी त्या मुलाचं टाळकं सडकलं असतं. आज बोलला नाही तर संपलंच की! उस्तिन्या आत जाऊन भांडी घासत बसली, स्वच्छ भांडीसुद्धा.

निघायची वेळ झाली. आता आमच्याकडची रीत अशी: कुणी लांबच्या वाटेला निघालं की घरातल्या सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं. मग घरातलं सगळ्यात मोठं माणूस उठतं, "जा, देव बरोबर असो" म्हणतं, तेव्हा बाकीच्यांनी उठायचं. त्याच्या आधी कुणी उठलं किंवा बोललं तर वाटेत विघ्न. आणि नदीवरची माणसं तर या बाबतीत म्हाताऱ्या बायकांच्या वरताण.

तर चौघे माझ्यावर बसले. एका टोकाला येवसेय, मग फेवरोन्या, मग लुक्यान, आणि दुसऱ्या टोकाला उस्तिन्या, एप्रनला ओले हात पुसत.

गप्प.

येवसेय पहाटे मासे पकडायला गेला होता, वर चारपाच पेले गरम चहा रिचवलेला, पाठ पलीकडच्या चुलीने उबदार झालेल्या भिंतीला टेकलेली. त्याची हनुवटी हळूहळू छातीवर आली. मग "घुर्र".

आता आली का पंचाईत! मोठं माणूस उठल्याशिवाय उठायचं नाही, आणि बोलायचंही नाही. फेवरोन्याने नवऱ्याच्या बरगडीत मारायला कोपर उचललं. त्या कोपराची मला चांगली ओळख आहे, त्याने बैल जागा होईल. पण तेवढ्यात तिने मान वळवून दुसऱ्या टोकाला बसलेल्या दोघांकडे पाहिलं. आणि कोपर हळूच, अंडं ठेवावं तसं, मांडीवर परत ठेवलं.

धक्क्यावरून भोंगा झाला. लुक्यानच्या टाचा उचलल्या गेल्या. मला वाटलं, गेला. टाचा पुन्हा टेकल्या.

दुसरा भोंगा. उस्तिन्याने माझी कड इतकी घट्ट धरली की तिची नखं मला रुतली. येवसेय घोरतोय. फेवरोन्या छताकडे बघतेय, जणू तिथे चित्रं काढलीत.

शेवटचा भोंगा लांबलचक झाला, मग इंजिनाची घरघर, मग तीही नदीच्या वळणाआड गेली.

येवसेय दचकून जागा झाला, गडबडीने उठला आणि म्हणाला, "जा रे पोरा, देव बरोबर असो!"

"कुठे जाऊ, येवसेय निकोनोविच?" लुक्यान म्हणाला. "बोट गेली."

"गेली? मग तू बसून काय राहिलास?"

"तुम्ही उठला नाहीत."

"अरे गाढवा, मी झोपलो होतो!"

"ते कळलं."

"म्हातारे, तू तरी उठवायचं!"

"मी बोलू कशी?" फेवरोन्या म्हणाली. "रीत आहे ना!"

उस्तिन्या मात्र हसली नाही. लुक्यानसमोर येऊन उभी राहिली. "आजोबा झोपलेत हे तुला कळलं होतं?"

"हो."

"मग का उठला नाहीस?"

कान लाल. मग मानही लाल. आणि तीन उन्हाळ्यांचा मुका लुक्यान माझ्यावर बसल्या बसल्या बोलला, "उठलो असतो तर जावं लागलं असतं."

उस्तिन्याने एप्रन तोंडावर धरला. रडत होती की हसत होती, मी खालून सांगू शकत नाही. पण एप्रनच्या आडून आवाज आला, "मग राहा की, मूर्खा!"

"बाई गं!" फेवरोन्या ओरडली आणि ते कोपर अखेर येवसेयच्या बरगडीत बसलंच, आनंदाने.

लुक्यानला सामान आणायला बोटीच्या पुढच्या थांब्यावर बसने जायचं होतं. दाराशी येवसेय रीतीप्रमाणे पुन्हा बसू लागला, तसा लुक्यान म्हणाला, "नको, येवसेय निकोनोविच. मी लांब जात नाहीये. रात्रीच्या जेवणाला परत येतो." आणि आला. कप्तानाच्या शिव्या खाऊन आला, पण आला. पुढे गोदीत बोटी दुरुस्त करायचं काम त्याला मिळालं. नदी गोठायच्या आत लग्न झालं. पाहुणे इतके, की माझ्यावर चारच्या जागी सात बसले. एक फळी जरा चिरली. चालायचंच.

तुम्ही बोटीने कधी गोरोदेत्सला आलात, तर आमच्याकडे जरूर या. सिंहाचे फोटो काढा, पण माझ्यावर टेका जरा. बसल्या बसल्या मनातलं बोलून टाका. लाकडाला सगळं समजतं, पण सांगता येत नाही. पोटात मात्र ठेवता येतं. माझ्या पोटात आता घरच्यांचे नमद्याचे, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचे, बूट असतात. सगळ्यांचे जोड ओळीने लावलेले, आणि यंदाच्या हिवाळ्यात उस्तिन्याने त्यांच्या शेजारी आणखी एक जोड ठेवलाय. तळहातावर मावेल एवढा.