झाड तोडलं ते वर्ष

बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला, जिथं कुणाचा हात सहसा जात नाही तिथं, सालीची एक पट्टी अजून चिकटून होती — बोटभर लांब, नखाएवढी रुंद, काळपट. तिनं खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली होती, आणि चार आखूड पाय वर करून ती लहान मुलाची बसकी खुर्ची एखाद्या रुसलेल्या वासरासारखी दिसत होती. बाबांच्या हातची. गावभर दारं-खिडक्या बसवणाऱ्या बाबांनी घरासाठी म्हणून केलेली बहुधा ही एकच वस्तू. बाकी घरात सगळं करकरत होतं, आणि आई म्हणायची, सुताराच्या बायकोनं दार उचलूनच लावायचं असतं...

सुट्टीचा दिवस. प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. घरी तरी कोण होतं? तीन महिन्यांपूर्वी बाबा गेले आणि त्यांच्या खोलीतून तिनं ही खुर्ची तेवढी आणली.

“तू झालीस ना, त्या वर्षी तोडलेल्या झाडाची आहे ही,” बाबा सांगायचे. सालीमुळेच तिला ते आठवलं. साल शाबूत म्हणजे झाडाचं शेवटचं वलयही शाबूत, आणि शेवटचं वलय म्हणजे झाड तोडलं ते वर्ष. आपलं जन्मवर्ष भिंगाखाली बघावं, एवढंच मनात होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ती हसली असती.

फळीच्या कडेवर तिनं आधी जाड, मग बारीक, मग अगदी पिठासारखा पॉलिशपेपर फिरवला. वलयं उमटली. एक्क्याऐंशी. शेवटचं केसाएवढं बारीक, सालीला चिकटलेलं.

नुसतं मोजून भागत नाही, हे ती वीस वर्षं लोकांना सांगत आली होती. ओल्या वर्षी झाड पोटभर वाढतं, वलय रुंद. कोरड्या वर्षी ते पोट आवळून बसतं, वलय बारीक. आणि फारच कोरडं वर्ष असेल तर कधीकधी वलय धरतच नाही — मग मोजणारा एका वर्षानं फसतो. पण एका परिसरातली झाडं एकच ऊन-पाऊस भोगतात, म्हणून रुंद-बारीक वलयांचा क्रम सगळ्यांच्या पोटात सारखाच असतो, आणि तोच जुळवायचा असतो. या डोंगरांतल्या चाळीस झाडांवरून तिनं असा एक लांबलचक क्रम बांधला होता. पावसाची मोजमापं कुणी ठेवत नव्हतं, त्या काळातलाही पाऊस त्यावरून वाचता येई.

फळीचा क्रम तिनं त्या क्रमाशेजारी ठेवला. शेवटचं वलय आपल्या जन्मवर्षावर. जुळेना. फळीतली रुंद वर्षं तिथं बारीक, बारीक तिथं रुंद... एक वर्ष मागे सरकवला. दोन. आणि सात वर्षं मागे सरकवला तेव्हा सगळं एकदम बसलं, कुलपात किल्ली फिरावी तसं, एकही वलय वेगळं न बोलता.

सात वर्षं.

पहिल्यांदा ती सुटल्यासारखी हसली. लाकूड वाळवत ठेवलं असणार! सुतार ठेवतातच. वलय झाड कधी तोडलं ते सांगतं, वस्तू कधी केली ते सांगत नाही — हेही तिचंच वाक्य. बाबांनी सात वर्षं फळी माळ्यावर ठेवली, मी झाले तेव्हा खाली काढली... बस्स.

मग तिची नजर पायांच्या भोकांवर गेली. भोकं गोल नव्हती. लांबट झाली होती, आणि चारही पायांच्या बाजूंना बारीक फटी पडल्या होत्या. लाकूड वाळताना आडवं आखडतं, उभं नाही; भोक लांबट होतं ते ओल्या लाकडात पाडलं तरच. म्हणजे झाड पडल्यावर महिन्याभरात खुर्ची झाली होती. वाळवायला न थांबता. बाबांसारख्या माणसानं, जे ओल्या लाकडाला हातोडी लावणाऱ्याला सुतार म्हणायला तयार नसत, त्यांनी.

कोणासाठी?

आत्याला फोन लागायला वेळ लागला. बाबांची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, ऐकू कमी येणारी.

“खुर्ची? कुठली खुर्ची?”

“छोटी, आत्या. बाबांनी केलेली. कुणासाठी केली होती?”

“तुझ्यासाठीच की.”

“मी व्हायच्या सात वर्षं आधी?”

पलीकडे फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याची खरखर झाली.

“तुला कुणी सांगितलं?”

“झाडानं,” ती म्हणाली, आणि ते किती वेड्यासारखं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं.

“आता कशाला उकरतेस गं... गेली सगळी.” मग म्हणाली, “चौदा महिन्यांचा होता. धरून धरून उभा राहायचा. अंगणातलं झाड काही जगायचं नाही, वाळायच्या आत तोडू म्हणाला दादा, आणि लगेच खुर्ची करायला बसला. पोराला घाई, बापाला त्याहून घाई. पाऊसच नव्हता त्या साली. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी प्यायचो सगळे. आम्ही मोठे निभावलो. तो दोन दिवसांत गेला.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुझ्या आईनं शपथ घातली होती. म्हणाली, हिनं उरलेलं मूल म्हणून वाढायचं नाही.”

“नाव काय होतं?”

“नावानं कोण हाक मारतंय! बोक्या म्हणायचो. असा गुबगुबीत... ठेवते आता.”

उकळलेलं पाणी. आई पाणी दोनदा उकळायची, शाळेच्या बाटलीवर फडकं बांधून द्यायची, आणि मुली विचारायच्या, तुमच्याकडं पाण्यालासुद्धा टोपडं घालतात का... आपण किती चिडत होतो. एकुलती म्हणून जपतात, असं सगळे म्हणायचे, तीही म्हणायची. एकुलती होती म्हणूनच तिला एकटं राहणं जमतं, असंही.

ते वर्ष तिला चांगलं माहीत होतं. तिच्या आलेखातला तो सर्वांत खोल खड्डा होता, शंभर वर्षांतलं सर्वांत कोरडं वर्ष. त्याच्यावर तिनं व्याख्यान दिलं होतं, काठी टेकवून पडद्यावर दाखवलं होतं, आणि पहिल्या रांगेत, मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून आलेले बाबा बसले होते. व्याख्यान संपल्यावर ते एवढंच म्हणाले होते, “बरोबर काढलंस.”

तो असता तर साठीचा असता. टक्कल पडलेला, कदाचित भांडकुदळ. इस्पितळात बाबांजवळ रात्री कुणी थांबायचं यावरून आपण भांडलो असतो...

तिनं खुर्ची सरळ करून जमिनीवर ठेवली. इतकी वर्षं माझी म्हणून मिरवलेली. आणि बाबांची ती घाई, ओल्या लाकडाला लावलेली हातोडी, ती माझ्या वाट्याला कधीच आली नव्हती. मला सगळं वाळवून, तपासून, दोनदा उकळून मिळालं. छातीत काहीतरी बारीकसं, गरम, बावन्न वर्षांच्या बाईला न शोभणारं टोचलं. तिला ते ओळखायलाच वेळ लागला, कारण कधी वाटलंच नव्हतं — शेजारच्या बहिणी एकमेकींच्या वेण्या ओढायच्या तेव्हा त्यांच्या तोंडावर जे दिसायचं, ते. हेवा. चौदा महिन्यांच्या बोक्याचा हेवा.

तिला लाज वाटली. तरीही तिनं तो जाऊ दिला नाही. हेवा वाटायलासुद्धा आपलं कुणीतरी असावं लागतं, असं काहीसं मनात येऊन ती तशीच, त्या टोचण्याला धरून, बसून राहिली.