गोमाजींची शेवटची शाई

मित्रांनो, मी एक जुना शाईचा पेन आहे आणि मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आठवडाभर जो तो मला उलटापालटा करून "गेला हा कामातून" एवढंच म्हणत होता. ऐकून ऐकून माझे कान किटले.

मी काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा. पुलगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून लागलेल्या गोमाजींनी पहिल्या पगारात मला घेतलं. त्यांच्या घराण्यात सही करणारा तो पहिलाच माणूस. अंगठा उठवायला निघालेल्या कित्येकांना त्यांनी माझ्याकडून नाव लिहायला शिकवलं. दर रविवारी ते मला कोमट पाण्याने धुवायचे. ते दिवस खरे कामाचे.

आठ वर्षांपूर्वी गोमाजी गेले. त्या सकाळीच त्यांनी माझ्यात शाई भरली होती. जिजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, झाकण लावून मला त्यांच्या फोटोपुढे ठेवलं आणि घरात बजावलं, "त्यायच्या हातची शाई हाय. कोणी हात लावू नोका." चौदा एप्रिलला मला पुसायचे, फूल वाहायचे. आत शाई वाळून दगड होत होती, पण माझं तोंड उघडून बघावं असं एकालाही वाटलं नाही. या मायेचं काय करावं?

मग नात मोनाली तलाठी झाली. सोमवारी हिंगणीला रुजू व्हायचं होतं. रुजू अहवालावर सही याच पेनने करीन, असा शब्द तिने आजोबांना दिला होता. तिने मला कागदावर टेकवलं. एक ठिपका उमटेल तर शपथ!

तिचा भाऊ धीरज मला झटकत बसला. मोबाइल दुरुस्तीवाल्याने माझ्यावर गरम हवा सोडली. मी काय चार्जिंगवर चालतो? नागपूरच्या एका दुकानदाराने फोटो पाहूनच सांगितलं, निब बदला, बावीसशे रुपये, महिना लागेल.

"बावीसशेत मिक्सर येते!" जिजाबाई कडाडल्या.

शेवटी शनिवारी आजी-नात दोघी मला घेऊन पुलगावला नत्थूभाऊंकडे आल्या. घड्याळं आणि पेन दुरुस्त करणारा हा म्हातारा. त्याने मला उघडलं, भिंग लावलं आणि हसला.

"माय, याले काईच नाई झालं. याले आंघोळ पायजे. वीस रुपये द्या."

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात जिजाबाईंनी मला त्याच्या हातून ओढून घेतलं. "शाई वतायची नाई!"

"मंग लिहीन कसा? शाई कुठी हाय आता? पापुद्रा हाय नुसता."

"पापुद्रा असो, नाई तर माती असो. त्यायच्या हातची हाय."

आता मात्र हद्द झाली. मोनाली रागावेल असं वाटलं. पण ती आजीजवळ बाकड्यावर बसली.

"आजी, आबानं त्या दिवशी शाई काऊन भरली होती वं?"

"काऊन म्हंजे? लिहाले."

 जिजाबाई माझ्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग मला नत्थूभाऊंपुढे धरून म्हणाल्या, "धुवा. पण पाणी नालीत फेकू नोका."

नत्थूभाऊंनी वाटीत कोमट पाणी घेऊन मला बुडवलं. आठ वर्षांनी माझा घसा ओला झाला! दुपारपर्यंत वाटीतलं पाणी गर्द निळं झालं. मला दुसऱ्या पाण्याने धुऊन, पुसून त्यांनी नव्या शाईची दौत उघडली.

"थांबा," जिजाबाई म्हणाल्या. त्यांनी वाटी पुढे सरकवली. "आंधी हे भरा."

"फिक्कं उमटन, माय."

"उमटू द्या."

मोनालीने पर्समधून रुजू अहवाल काढला, वाटीतलं निळं पाणी माझ्यात भरून घेतलं आणि सही केली. सही फिकट होती, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. जिजाबाई कागदावर वाकल्या. "दिसते न?"

"दिसते, आजी."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा तरी पेन फोटोपुढे, कपाटात पडून असेल. त्याला फूल वाहू नका. मोठ्यांना विचारून त्याला आधी कोमट पाण्यात बुडवा, मग त्याच्याकडून स्वतःचं नाव लिहून घ्या. आम्हाला पाया पडणारी माणसं पुष्कळ मिळतात हो, लिहिणारी मिळत नाहीत.