सव्वा ग्रॅम आणि तीन ग्रॅम

हिला जाऊन सात महिने झाले आणि मला हिचा आवाज आठवेना.

चेहरा आठवतो. चालणं आठवतं. रागावली की ओट्यावर भांडं कसं आपटायची तेही आठवतं. आवाज मात्र नाही. बारा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि हिचा आवाज गेला. तेव्हापासून ही वहीत लिहून बोलायची. भांडायचीसुद्धा लिहूनच. मी चष्मा शोधून वाचेपर्यंत हिचा राग उतरलेला असायचा. मोबाईलमध्ये हिचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण त्यांत ही नुसती हात हलवते.

आवाज एकाच ठिकाणी उरला होता. लग्नाआधी ही लघुलेखनाच्या वर्गात शिकवायची. मिनिटाला ऐंशी शब्द या वेगाने मुलींना सराव करता यावा म्हणून वर्गाने हिच्या आवाजात एक धंद्याचं पत्र तबकडीवर कोरून घेतलं होतं. प्रत एकच. वर्ग बंद पडला तेव्हा ती तबकडी आणि वर्गातला जुना टर्नटेबल दोन्ही आमच्या घरी आले. आम्ही ती एकदाच लावली. बोल्टांच्या पेट्यांबद्दलचं पत्र ही इतकं गंभीरपणे वाचत होती की मला हसू आवरेना. ही चिडली, तबकडी कपाटावर गेली, ती तिथेच राहिली.

कारखान्यात निघतात तशी ही तबकडी नाही. पत्र्यावर काळा मऊ थर असतो आणि त्यात खोबण कोरलेली असते. प्रत्येक वेळी लावली की थोडी घासते. म्हणून ती एकदाच लावायची, तेवढ्यात आमच्या मुलीने आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, असं ठरलं. चुकलो तर दुसरी प्रत कुठेच नव्हती.

टर्नटेबलचा पट्टा मी बदलला. सुई ज्या डबीत बसते ते कार्ट्रिज मात्र गेलं होतं. आतलं रबर दगड झालं होतं. नवीन घ्यायला हवं होतं.

मी जन्मभर तराजू दुरुस्त केले. औषधवाल्यांचे, सोनारांचे. त्यामुळे मला वाटलं, यात काय अवघड आहे? मऊ थर आहे, तर सगळ्यांत हलकी टेकणारी सुई घ्यायची. दुकानात सव्वा ग्रॅमवर चालणारं एक कार्ट्रिज मिळालं. महाग होतं. घरी आणून टर्नटेबलच्या दांड्याला बसवलं आणि माझ्या काट्यावर सुईचा दाब मोजला. सव्वा म्हणजे सव्वा. एक केसही इकडे नाही की तिकडे नाही.

मुलीचा फोन आला. "बाबा, ती तबकडी लावली नाहीत ना अजून?"

"नाही."

"खरं सांगा."

"अगं, नाही म्हटलं ना. आधी भंगारातली एक लावून बघतोय."

तेवढं शहाणपण मला सुचलं ते बरं झालं. भंगारातली तबकडी फिरायला लागली आणि दांडा थंडी भरल्यासारखा थरथरायला लागला. तबकडी जिथे जराशी वाकली होती तिथे तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मी खोलीत दोन पावलं चाललो तर सुई उडाली आणि तबकडीवर लांब ओरखडा पडला. मी पुन्हा मोजलं. सव्वा. पुन्हा लावली. पुन्हा उडाली. दोन दिवस मी तेच करत होतो. जेवताना लक्ष त्या काट्याकडे. शेवटी मनात यायला लागलं की एकदा हिचीच लावून बघू, कदाचित तिच्यावर उडणार नाही. तेव्हा मी स्वतःलाच घाबरलो आणि टर्नटेबल आणि दोन्ही तबकड्या घेऊन सुईमास्तरांकडे गेलो.

सुईमास्तर जुने रेडिओ आणि टर्नटेबल दुरुस्त करतात. गिऱ्हाइकांनीच त्यांचं हे नाव पाडलंय. त्यांनी टेबलावर बोटाने टिचकी मारली आणि दांड्याकडे बघत राहिले.

"पोहतोय," ते म्हणाले. "हे कार्ट्रिज कुणी सुचवलं?"

"मीच निवडलं. सगळ्यांत हलकं."

"तराजूवाले ना तुम्ही?"

"हो."

"तरीच." त्यांनी दांडा बोटावर तोलला. "अहो, हा दांडा केवढा जड आहे बघा. आणि तुमच्या सुईमागची स्प्रिंग एकदम मऊ. ट्रकला सायकलच्या सीटची स्प्रिंग लावलीत. जरा खड्डा आला की डोलणार, आणि एकदा डोलला की थांबायचा नाही."

"पण दाब बरोबर सव्वा ग्रॅम आहे. मी मोजलाय."

"उभ्या माणसाचं वजन केलंत तुम्ही. हा नाचतोय. घडीत चार ग्रॅम दाबतो, घडीत हवेत असतो. खोबणीच्या भिंतींना धडका देत जातो. तबकडीची वाट लागायला आणखी काय हवं?"

त्यांनी खणातून एक जुनाट, चौकोनी, कुरूप कार्ट्रिज काढलं. त्याची स्प्रिंग कडक होती. हे तीन ग्रॅमवर चालणार.

"तीन?" माझा आवाज चढला. "मऊ थरावर?"

"जड दांड्याला हेच जमतं. खोबणीत घट्ट बसून फिरेल. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघा."

त्यांनी माझी भंगारातली तबकडी लावली. वाकलेल्या जागी दांडा वर गेला, खाली आला आणि शांत झाला. मास्तरांनी मुद्दाम टेबलाला धक्का दिला. सुई जागची हलली नाही.

मग त्यांनी हिची तबकडी भिंगाखाली धरली. तोंडातून "च्" असा आवाज काढला.

"इथे, लेबलाच्या बोटभर अलीकडे, थराला चीर गेलीय. सुई तिथवर आली की दांडा उचला. चिरेत अडकली तर थराचा पापुद्रा निघेल."

"त्याच्या पुढे काय आहे?"

"मला काय विचारता? बायको तुमची."

मला आठवत नव्हतं. तेव्हा मी हसत होतो.

रविवारी सकाळी मुलगी लॅपटॉप आणि वायर घेऊन आली. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. चिरेचं तिला सांगितलं. दाब चार वेळा मोजला.

"इकडे तिकडे चालू नकोस," मी म्हटलं.

"श्वास घेऊ का, बाबा?"

"घे. हळू."

तिने लॅपटॉपवर बटण दाबलं आणि मान हलवली. मी कोपर टेबलावर टेकवलं आणि मग दांडा सोडला. खरखर झाली. मग ही बोलली.

"महोदय, आपले सतरा तारखेचे पत्र मिळाले."

आवाज जाड होता. मला वाटत होता तसा पातळ नव्हता. सात महिने मी डोक्यात कुणाचा आवाज ऐकत होतो कोण जाणे. मुलीने तोंडावर हात धरला, म्हणजे हिचाच होता. मला नीट ऐकताही येईना, कारण मी दांड्याकडे बघत होतो. दोनशे चाळीस पेट्या रवाना झाल्या. पावती सोबत जोडली. सुई चिरेकडे सरकत होती.

"उरलेल्या साठ पेट्या," ही म्हणाली, आणि मुलीने हाताने खूण केली, उचला.

माझं बोट दांड्याखाली होतं. हिचं वाक्य अर्धं होतं. मी उचलला नाही.

टक्. मी डोळे मिटले. "कारखान्यात तयार," टक्, "होत असून," टक्, "महिनाअखेर," टक्, "आपणांस पोचतील." दर फेऱ्याला सुई चिरेवरून जात होती आणि दर फेऱ्याला दांडा खोबणीतच राहत होता. मी डोळे उघडून बघितलं. पापुद्रा निघाला नव्हता. "कळावे," ही म्हणाली. थोडं थांबून वेगळ्याच सुरात, घरात बोलायची तशी, म्हणाली, "झालं ना? बंद करा मग."

मी दांडा उचलला.

"आलं का?" मी विचारलं. "अगं, आलं का ते आधी बघ."

मुलीने डोळे पुसले आणि बटण दाबलं. महोदय, आपले सतरा तारखेचे पत्र. आलं होतं.

"ते टक्-टक् काढून टाकता येईल, बाबा."

"काढ की. पण त्याआधी आहे तसं तीन ठिकाणी ठेव."

"दोन पुरेत."

"तीन," मी म्हटलं. "मी इथे बसून बघतो."