रविवारची दहा मिनिटं

मी एक जुना हीटर आहे. भाड्याच्या एका खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. चालू होताना मी थोडा कुरकुरतो, पण कामाला चोख आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. या खोलीत बरेच भाडेकरू आले नि गेले. कोणी माझ्यावर मोजे वाळवले, कोणी लाथ घालून मला चालू केलं. तरी थंडीत सगळ्यांना माझीच आठवण यायची, आणि मला तेवढं पुरे होतं.

मग परदेशातून एक मुलगी इथल्या कॉलेजात शिकायला आली. तिचे वडील शिंपी. ते तिला 'छकू' म्हणायचे. निघण्याआधी बापलेकीनं हिशेब मांडला होता: पहिल्या वर्षाची फी गुणिले तीन. एकदा प्रवेश मिळाला की फी तीच राहते, असं दोघं धरून चालले होते. कुणाला विचारावं हे सुचलंच नाही. दुसऱ्या वर्षाचं पत्र आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. फी बरीच वाढली होती. ठरल्या तारखेला भरली नाही तर तिचं नाव कमी होणार होतं.

घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. आधी बस सोडली, मग दुपारचं जेवण सोडलं, मग माझी पाळी आली. विजेचं बिल मीच फुगवत होतो, ते नाकारून काय उपयोग? संध्याकाळी ती कोट घालूनच पुस्तक उघडायची आणि मी हातभर अंतरावर गार पडलेला असायचो. एका खोलीत दोघं, आणि दोघंही एकटे. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

फक्त रविवारी सकाळी, वडिलांच्या व्हिडिओ कॉलआधी दहा मिनिटं, ती मला लावायची. कोट पलंगाखाली सरकवायची, वडिलांनी शिवलेला पातळ शर्ट घालायची आणि हसून सांगायची, "खोली मस्त उबदार आहे, बाबा." फोन संपला की मी बंद. त्या खोटेपणात माझाही हात होता, याची मला लाज वाटायची.

एका रविवारी वडील बोलता बोलता थांबले.

"जरा बाजूला वळ बघू."

"का हो बाबा?"

"वळ तर."

ती वळली.

"खांद्याची शिवण खाली उतरलीये. तुझ्या मापानं बेतलाय मी तो शर्ट. बारीक झालीस. जेवतेस ना?"

"जेवते की."

"छकू, शिंप्याला शेंडी लावू नकोस. पैशाचं काही झालंय का?"

तिला रडू आवरेना. तिनं सगळं सांगून टाकलं.

"विचारलं नाही ही चूक दोघांची," ते म्हणाले. "एवढे पैसे माझ्याकडेही नाहीत. पण माझी गिऱ्हाइकं मागतातच ना हप्ते? उद्या कॉलेजच्या ऑफिसात जा आणि तूही माग. आणि जेवण सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती गेली. ऑफिसातल्या बाईंनी चार हप्ते करून दिले. ओढाताण काही संपली नाही. मी अजूनही दिवसाला तासभरच चालतो, पण त्या तासात ती माझ्याजवळ बसून पोटभर जेवते.

मित्रांनो, लांब राहणारं आपलं माणूस 'मजेत आहे' म्हणालं की लगेच फोन ठेवू नका. त्याच्याकडे नीट बघा, आणखी एकदा विचारा. मी रोज तिच्यासमोर होतो आणि मला सगळं दिसत होतं. मला विचारायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.