झाकणाची ऑनलाइन तक्रार

नगरपालिकेतल्या हेडक्लार्कना सगळं ऑफिस पाठीमागे ‘नंतरशेठ’ म्हणायचं. कुणी काहीही घेऊन आलं, की यांचं उत्तर ठरलेलं, “ठेवा, नंतर बघू.” मनाने माणूस वाईट नव्हता. खुर्चीला तेवढा चिकटलेला होता.

घरासमोरच्या चेंबरचं झाकण फुटलं, तेव्हा बायकोने आधी त्यांनाच सांगितलं. मग आठवण केली. मग टोमणे मारले. शेवटी शेजारच्या काकूंचा पाय त्यात जाऊन घोटा सुजला, तेव्हा ती कडाडली, “अहो, नवरा नगरपालिकेत, आणि दारात खड्डा! गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही मला.”

“अगं, आता सगळं ऑनलाइन झालंय,” नंतरशेठ टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले. “तोंडी तक्रार चालतच नाही. माझे हात बांधलेत.”

खरं तर ऑनलाइनचं नाव काढलं की घाम त्यांनाच फुटायचा. पण बायकोपुढे ही ढाल बरी चालली. ती चक्क ‘बरं’ म्हणाली. तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

ऑफिसात पूर्वी टेबलावर साचणाऱ्या तक्रारी आता कॉम्प्युटरवर साचायच्या. घरी निघण्यापूर्वी नंतरशेठ एका दमात सगळ्यांवर ‘काम पूर्ण’चं बटण दाबत सुटायचे. वाचत कोण बसतो? स्क्रीन हिरवीगार झाली की झालं.

एका संध्याकाळी ते घरी चहा पीत बसले असताना बायकोचा फोन वाजला. ती मोठ्याने वाचू लागली, “आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आपण समाधानी आहात का?”

नंतरशेठांचा कप हवेतच राहिला. “कसली तक्रार?”

“झाकणाची. काम पूर्ण झालं म्हणे.” तिने खिडकीतून वाकून पाहिलं. “मला तर अजून भोकच दिसतंय. तुम्हाला काय दिसतं?”

“अगं, थांब, दाबू नकोस...”

तिने ‘असमाधानी’ दाबलं.

असमाधानी नागरिकाची तक्रार थेट मुख्याधिकारी मॅडमकडे जाते, हे नंतरशेठांना दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये उभं असताना कळलं.

“हा पत्ता तुमच्याच घराचा ना?”

“हो, मॅडम.”

“आणि तक्रारदार?”

“आमच्या सौ.”

मॅडमनी हसू लपवायला फाईल तोंडापुढे धरली. “आजच्या आज झाकण बसवा. आणि स्वतः जाऊन फोटो पाठवा. जागेवर उभं राहिल्याशिवाय तो ॲपवर चढत नाही.”

दुपारी माणसं घेऊन नंतरशेठ आपल्याच गल्लीत हजर झाले. झाकण बसलं, पण फोटो काही धड येईना. कधी अंगठाच यायचा, कधी आभाळ. बघ्यांच्या चेष्टेला तर ऊत आला. शेवटी बायको पदराला हात पुसत बाहेर आली. “द्या इकडे. हे असं धरायचं.”

“शेठ, तुम्ही झाकणावर उभे राहा,” पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या काकू ओरडल्या, “म्हणजे आम्हाला भरवसा येईल!”

ते उभे राहिले. झाकण हललं नाही. आपल्या हातून झालेलं काम असं पायाखाली लागण्याची गंमत त्यांना आज प्रथमच कळली, आणि फोटोत ते नकळत छाती काढून आले.

बायकोने ‘समाधानी’ दाबलं आणि खाली बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली.

“काय लिहिलंस?”

“तुम्ही झाकणावर उभे राहिलात, ते सगळं. मॅडमनाही कळू दे.”

संध्याकाळी ते घरी आले तर बाहेरच्या खोलीत अख्खी गल्ली जमलेली, पाय ठेवायला जागा नाही. कुणाच्या दारातला दिवा बंद, कुणाच्या नळाला पाणी नाही. बायको मधोमध फोन घेऊन बसलेली.

“या,” ती म्हणाली. “तुमच्यासमोरच भरतेय एकेक तक्रार. उद्या वाचायचा त्रास नको तुम्हाला.”

सगळे खदखदून हसले. नंतरशेठांनी रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण जमेना. हसू दाबत ते स्वयंपाकघरात गेले आणि इतक्या माणसांच्या चहाला पातेलं कोणतं घ्यावं, ते शोधू लागले.