कच्चे लेख

फरशी-पॉलिशच्या कारखान्यात फोरमननं उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि कारखाना बंद पडल्यावर तो मेलेल्यांवर लिहायला लागला. दगडाची धूळ फुप्फुसात बसून त्याच्या हाताखालची माणसं एकेक करून जात होती. मालकाच्या लेखी ती विडीनं गेली. तपासणीला सगळ्यांना फोरमनच घेऊन जाई, त्यामुळे डॉक्टर त्याच्याशी आडपडदा ठेवत नसत. माणूस गेला की तो एक पान लिही. कोण होता, कुठल्या मशीनवर होता, कशावर हसायचा, कसा गेला.

ग्रंथालयात काम करणाऱ्या लेकीनं या पानांचा ब्लॉग करून दिला. मजकुराच्या फाइल एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि आज्ञा दिली की सॉफ्टवेअर त्यांची तयार पानं करून देई. ती नेटवर चढवली की झालं. पानं कशी दिसावीत हे सगळं एकाच सेटिंग्जच्या फाइलमध्ये ठरे. रविवारी बापलेक त्या फाइलपुढे बसत. ब्लॉगच्या नावावर वाद झाला नाही, क्रमावर झाला. सॉफ्टवेअर ताजं पान सगळ्यात वर ठेवी. फोरमनला ते पटेना. आधी गेला तो आधी, मेल्यावर तरी रांग मोडायची नाही, असं त्याचं म्हणणं. लेकीनं क्रम उलटा केला. ‘लेखक’ या ओळीपुढे त्यानं स्वतःचं नाव घालू दिलं नाही. ‘कामगार’ एवढंच लिहायला लावलं.

एक सेटिंग कच्च्या लेखांची होती. ती चालू असली की ‘कच्चा’ अशी खूण केलेली पानंही दिसत, बंद असली की झाकलेली राहत. फोरमनचे कच्चे लेख जिवंत माणसांवर होते. आठवतंय तोवर लिहून ठेवतो, माझा तरी काय भरवसा, असं तो म्हणे. त्यात शिट्टीचं पान होतं.

शिट्टी त्याचा जिवाभावाचा दोस्त. मशीनच्या गोंगाटातही ऐकू जाईल अशी शीळ घालायचा, म्हणून हे नाव. आता दोन वाक्यं बोलला तरी त्याला धाप लागे. त्याची फुप्फुसं पार निकामी झालीत, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला आणि फोरमनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. दोघांनी मिळून शिट्टीला सांगितलं, जुनाट खोकला आहे, हवापालट झाला की उतार पडेल. पानात मात्र फोरमननं सगळं खरं लिहिलं होतं. तेही तो गेल्यासारखं, शेवटच्या तारखेची जागा तेवढी रिकामी होती.

एका रविवारी बाबांना सगळी पानं नजरेखालून घालता यावीत म्हणून लेकीनं कच्च्यांची सेटिंग चालू केली. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. वाफ दे, पाठ चोळ, यात बराच वेळ गेला. त्यांचा डोळा लागल्यावर ती परत बसली, आज्ञा दिली, पानं चढवली. सेटिंग तशीच चालू राहिली.

शिट्टीची मुलगी लांबच्या शहरात नांदत होती. दुसऱ्या दिवशी तिनं ते पान वाचलं आणि रडत घरी फोन लावला. फोन शिट्टीनंच उचलला. तुम्ही आहात ना, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. काय झालं ते कळल्यावर त्यानं तिच्याकडूनच ते पान वाचून घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

संध्याकाळी तो थांबत थांबत जिना चढून फोरमनच्या दारात आला. लेकीनं सांगितलं, चूक माझी आहे काका, पान काढून टाकलंय. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर फोरमनवरून काढली नाही. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही.

“चांगलं लिहिलंयस,” तो म्हणाला. “शिळेचं तर झकास. पण रोज माझ्याशी पत्ते खेळत होतास तू. तिथं हवापालटाच्या गोष्टी, आणि घरी येऊन मला पुरत होतास.”

वहिनी म्हणाल्या होत्या की तुझा धीर सुटेल, असं काहीतरी फोरमन पुटपुटला.

“तिचं मी बघेन. ती बायको आहे, घाबरली.” शिट्टीनं दाराची चौकट धरली, श्वास गोळा केला. “तू तर फोरमन. मागच्या वर्षी सांगितलं असतंस तर मी तेव्हाच लेकीकडे गेलो असतो. नातीचं बोट धरून हिंडलो असतो. तेव्हा चालता येत होतं मला.”

शिट्टी भिंतीच्या आधारानं उतरायला लागला. लेक सोबतीला निघाली, तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

त्याच आठवड्यात नवराबायको मुलीकडे गेले. फोरमन फोन करी, दर वेळी वहिनी उचलत आणि झोपलेत म्हणून सांगत. थंडी संपता संपता शिट्टी तिथेच वारला. वहिनींनी कळवलं, पण आवाज कोरडा होता. त्यांच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही, त्यांनीच बजावून ठेवलंय, असं त्या म्हणाल्या.

फोरमननं लेकीला शिट्टीच्या पानाची फाइल पुसायला लावली. एक प्रत ठेवू का, असं तिनं विचारलं. तो नको म्हणाला. मग उरलेले कच्चे लेख त्यानं कागदावर छापून मागितले.

“कशाला, बाबा?”

“ज्याचं त्याला वाचून दाखवतो.”

पहिल्यानं निम्म्यातच त्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्यानं पान शेवटपर्यंत ऐकलं, बायकोला आत जायला सांगितलं आणि आपल्याकडे किती दिवस आहेत ते विचारलं. फोरमननं डॉक्टरांचे शब्द होते तसे त्याच्यासमोर ठेवले. ते ऐकून तो माणूस म्हणाला, आता तू जा.